मांजर बारीक आहे, अंगाला लागत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या घरांतून हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवले आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. आमचं मांजर खरोखर बारीक आहे, की त्याची अंगकाठीच तशी आहे?

हे हातानं ठरवा, नजरेनं नको, कारण केस फसवतात. मांजर उभं असताना दोन्ही तळवे बरगड्यांवरून हलके फिरवा. आवळलेल्या मुठीच्या उंचवट्यांवरून बोट फिरवल्यावर जसं लागतं तशा बरगड्या टोचल्या, तर मांजर बारीक आहे. बरगड्या मोजता येतात, पण वर पातळ मऊ थर जाणवतो, तर ठीक आहे. मग पाठीचा कणा आणि कमरेची हाडं चाचपा. मांस झडायला लागतं ते आधी तिथे कळतं.

पशुवैद्य १ ते ९ अशा गुणांत शरीराची स्थिती मोजतात. ४ किंवा ५ उत्तम, ३ आणि त्याखाली बारीक. आपल्याकडची गावठी मांजरं मोठी झाल्यावर बहुधा ३ ते साडेचार किलो भरतात. लहान चणीची मांजरी तीन किलोच्या आत असूनही ठणठणीत असू शकते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून घाबरू नका. पोट फुगलेलं आणि पाठ हाडंहाडं असेल, तर आधी प्रश्न १२ वाचा.

२. घरी वजन कसं करायचं? वजनकाट्यावर ते बसतच नाही.

कापडी पिशवीत बसवून सामान तोलायच्या लटकत्या डिजिटल काट्याला अडकवा, डोकं बाहेर ठेवा. काटा नसेल, तर आधी तुम्ही एकटे आणि मग मांजराला घेऊन बाथरूमच्या काट्यावर उभे राहा. मात्र असे काटे शंभर ग्रॅमची चूक सहज करतात आणि मांजराच्या बाबतीत शंभर ग्रॅम म्हणजे खूप झाले. आठवड्यातून एकदा, खाण्याआधी, त्याच काट्यावर तोला आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. रोज तोलून काही कळत नाही.

३. आधी खाणं वाढवून बघू का? की डॉक्टरकडे जायलाच हवं?

भटकं मांजर नुकतंच घरी आणलं आहे, उड्या मारतंय, खातंय, शी घट्ट आहे, तर जंताचं औषध आणि चांगलं खाणं यांनी सुरुवात करायला हरकत नाही. पण आधी धष्टपुष्ट असलेलं मांजर उतरत चाललं असेल, तर खाण्यात बदल करण्याआधी तपासणी करा. महिन्याभरात दहावा हिस्सा वजन गेलं, पाणी अचानक जास्त प्यायला लागलं, उलट्या किंवा जुलाब थांबत नाहीत, तोंडाला वास येतो, खाताना एका बाजूनं चावतं, यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका.

डॉक्टर तोंड उघडून बघतील, पोट चाचपतील, शी तपासायला सांगतील आणि सहा-सात वर्षांपुढच्या मांजराचं रक्तही. शीचा ताजा नमुना झाकणाच्या डबीत सोबत नेलात, तर एक खेप वाचते. दाताचं दुखणं आपल्याकडे फार राहून जातं. हिरड्या लालभडक असलेलं मांजर भुकेनं ओरडत बशीपाशी येतं, एक घास घेतं आणि मागे सरतं. लोक त्याला नखरे म्हणतात.

४. दोन्ही वेळ उकड्या तांदळाचा भात आणि माशाचं हुमण (कालवण) घालतो. आमची आजीसुद्धा हेच घालायची. तरी मांजर भरत का नाही?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच. आजीच्या वेळचं मांजर बशीतल्या भातावर जगत नव्हतं. दिवसभर उंदीर, पाली, टोळ, पक्षी आणि मासळी साफ करतानाची आतडी त्याच्या पोटात जायची. भात हे वरचं होतं. आता मांजर फ्लॅटमध्ये बंद असतं आणि ते वरचं तेवढं उरलं आहे.

मांजर पक्कं मांसाहारी आहे. चार किलोच्या मांजराला दिवसाला वीसेक ग्रॅम प्रथिनं लागतात. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात ती जेमतेम पावणेतीन ग्रॅम मिळतात. त्याचं पोट लहान, त्यात भात गेला की मांसाला जागा राहत नाही. पोट भरतं, स्नायू भरत नाहीत.

दुसरी गोष्ट टॉरिनची. हे द्रव्य मांजराचं शरीर पुरेसं तयार करू शकत नाही, ते मांस-मासळीतूनच यावं लागतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात. टॉरिनच्या कमतरतेनं मांजराचं हृदय निकामी होतं हे १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी दाखवलं, आणि त्यानंतर तयार कॅट फूडमध्ये टॉरिन वाढवलं गेलं. हुमणात माशाचा तुकडा इवलासा आणि रस जास्त, म्हणजे टॉरिनही इवलंसंच.

आणि त्या रसात काय असतं? कांदा, कधी लसूण, मिरची, मीठ, सोलं, तेफळं. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, शिजवूनही फरक पडत नाही. रोज थोडं-थोडं गेलं तरी रक्त कमी होतं. हुमणात घालण्याआधी मांजराचा तुकडा बाजूला काढून नुसत्या पाण्यात उकडा, एवढं केलंत तरी बराच फरक पडेल. भात अगदी बंद करवत नसेल, तर मांसाच्या चौथाईपेक्षा जास्त नको.

५. मग दिवसाला नेमकं किती घालायचं?

आज आहे त्या वजनाला नव्हे, असायला हवं त्या वजनाला मोजा. त्या वजनाच्या दर किलोला साधारण ६० कॅलरी. तीन किलोचं मांजर चार किलोचं व्हायला हवं असेल, तर २४० कॅलरी.

ड्राय फूडच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात, ओल्या खाण्याच्या ७०-८५ ग्रॅमच्या पाऊचमध्ये बहुधा ५५ ते ८० (पाकिटावर छापलेलं असतं, तेच खरं धरा). म्हणजे ४० ग्रॅम ड्राय, एक पाऊच आणि वर कोंबडीच्या उकडलेल्या मांडीचे दोन-तीन तुकडे, की झालं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४० ग्रॅम एकदा तोलून बघा. वाटीनं मोजणारे बहुतेक जण एकतर निम्मं घालतात नाहीतर दीडपट.

सध्या ते याच्या निम्मंच खात असेल, तर एका दिवसात इथवर नेऊ नका. आठवडाभरात चढवा, नाहीतर जुलाब लागतील. आणि दोन वेळांऐवजी चार-पाच वेळा थोडं-थोडं घाला. मांजर निसर्गतः दिवसाला बरेच छोटे घास घेणारं जनावर आहे.

६. वजन किती दिवसांत वाढायला हवं?

मोठ्या मांजराचं आठवड्याला ५० ग्रॅमच्या आसपास वाढलं तरी उत्तम. एक किलो भरून यायला चार-पाच महिने गेले, तर ते योग्यच आहे. तीन आठवडे नीट मोजून घालूनही काटा हलला नाही, तर खाण्याचा विचार सोडून प्रश्न ११ कडे या. हव्या वजनाला पोचलं की मात्र प्रमाण थोडं उतरवा, विशेषतः नसबंदी झालेल्या घरातल्या मांजराचं.

७. तयार खाणं परवडत नाही. घरी काय शिजवू?

कोंबडीची मांडी, काळीज आणि हृदय. छातीच्या मांसापेक्षा मांडीत आणि हृदयात टॉरिन पुष्कळ जास्त असतं, आणि चिकनच्या दुकानात हृदय स्वस्त मिळतं. मीठ-हळद काही न घालता थोड्या पाण्यात शिजवा आणि ते पाणी फेकू नका. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून तो रस मांसावरच ओता. हाडं सगळी काढा. शिजलेलं हाड चिरफळतं आणि घशात किंवा आतड्यात रुततं. काळीज आठवड्यातून एक-दोनदा, लहान तुकडा. रोज घातलं तर अ जीवनसत्त्व साठून मानेची, पाठीची हाडं जखडतात. उकडलेलं अंडं कुस्करून चालतं, एका अंड्यात सत्तर कॅलरी.

नुसत्या हाडाविना मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं. त्यामुळे घरचं खाणं दिवसाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, असं पुस्तकी उत्तर आहे. माझं मत: मोठ्या मांजराला निम्मं तयार, निम्मं घरचं ही तडजोड नुसत्या हुमण-भातापेक्षा कितीतरी बरी. पूर्ण घरचंच घालायचं असेल, तर कॅल्शियम आणि बाकीच्या पूरक गोष्टी डॉक्टरकडून ठरवून घ्या. पिल्लांच्या बाबतीत ही तडजोड करू नका (प्रश्न १६).

८. कच्चा बांगडा, तारले घातले तर ताकद येते ना?

उलट होतं. बांगडा आणि तारले कच्चे असताना त्यांतलं एक विकर (एन्झाइम) ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं. रोज कच्ची मासळी खाणाऱ्या मांजराची आधी भूक जाते, मग मान खाली झुकते, तोल जातो, झटके येतात. शिजवल्यावर ते विकर मरतं. शिजवूनही रोज फक्त तेलकट मासळी नको. त्यानं ई जीवनसत्त्व कमी पडून कातडीखालची चरबी सुजते आणि मांजर हात लावू देत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस मासळी, बाकी कोंबडी.

९. दुधात पाव बुडवून आवडीनं खातं. चालेल?

नाही. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, जुलाब होतात आणि आहे ते वजनही उतरतं. पदेराचा (पाववाल्याचा) पाव कितीही ताजा असला तरी तो मैदाच.

१०. वास घेतं आणि निघून जातं. कितीतरी ब्रँड बदलून झाले!

बदलणं थांबवा. रोज नवीन पाकीट फोडलं की मांजर उद्याच्या पाकिटाची वाट बघायला शिकतं. त्याऐवजी हे करून बघा. फ्रिजमधलं खाणं वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, बोटाला जेमतेम ऊब लागेल इतपतच. मांजर वासावर खातं आणि थंड खाण्याला वास नसतो. त्याच कारणानं, सर्दीनं नाक चोंदलेलं मांजर उपाशी बसतं; ओल्या कापसानं नाक पुसून मग बशी पुढे करा. खोल वाडग्यापेक्षा पसरट बशी बरी. शीच्या ट्रेपासून लांब, कुत्रा येत नाही अशा जागी ठेवा. मुंग्या चढतात म्हणून खाणं उचलून ठेवायची वेळ येत असेल, तर बशी पाणी भरलेल्या पसरट थाळीत मधोमध ठेवा.

एप्रिल-मेच्या उकाड्यात भूक मंदावते, तेव्हा मोठं खाणं पहाटे आणि रात्री घाला. ओठ चाटत, लाळ गाळत निघून जात असेल, तर ती मळमळ आहे आणि तिला औषध लागतं. ज्या खाण्यात तुम्ही कडू गोळी लपवली होती, ते खाणं ते कदाचित पुन्हा कधीच खाणार नाही. गोळीसाठी वेगळा पदार्थ ठेवा.

११. भरपूर खातं, मागून खातं, तरी बारीकच. असं कसं?

वयावरून अंदाज बांधता येतो. लहान वयात बहुधा जंत (प्रश्न १२) किंवा आतड्यातला दुसरा संसर्ग. दहाच्या पुढचं मांजर हपापल्यासारखं खातं, रात्री ओरडतं, अस्वस्थ फिरतं आणि उतरतं, तर थायरॉइड वाढलेलं असू शकतं. पाणी आणि लघवी दोन्ही वाढली असेल, तर मधुमेह. अधूनमधून उलटी, शी पातळ, असं महिनोन्‌महिने चाललं असेल, तर आतड्याची जुनाट सूज किंवा गाठ. यांतलं काहीही जास्त खाऊ घालून बरं होत नाही. आणखी एक साधी शक्यता: ते खातच नसेल, शेजारचं मांजर खिडकीतून येऊन खात असेल. एकदा लपून बघा.

१२. जंताचं औषध कधी आणि किती वेळा?

पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी आठ आठवड्यांची होईतो, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला. मोठ्यांना, बाहेर फिरत असतील तर, दर तीन महिन्यांनी. मात्रा वजनावर असते, म्हणून आधी तोला. शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखं काही चिकटलेलं दिसलं, तर तो पट्टकृमी. तो पिसवांतून येतो, पिसवा गेल्या नाहीत तर महिन्याभरात परत हजर. पण कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असलं, तर मांजराला झटके येऊन ते दगावतं.

पाली खाणाऱ्या मांजराच्या यकृतात एक चपटा कृमी शिरू शकतो आणि जंताच्या नेहमीच्या मात्रेनं तो जात नाही. पाली मारणारं मांजर उतरत असेल आणि डोळे-हिरड्या पिवळट वाटत असतील, तर डॉक्टरला पालींबद्दल आवर्जून सांगा.

१३. दर पावसाळ्यात आमच्या गल्लीतली मांजरं हाडकतात. का?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. जेटीवरची आणि बाजारातली आतडी-डोकी बंद होतात, घरातही मासळी महाग म्हणून तुकडा मिळत नाही. वर सर्दी, ओलं अंग आणि पिल्लांचा हंगाम. या दोन महिन्यांत गल्लीतल्या मांजरांसाठी मूठभर ड्राय फूड फार कामाला येतं. खारी मासळी आणि गालमो (सुका जवळा) घालणारे बरेच आहेत. त्यातलं मीठ जास्त होतं. घालायचंच तर दोन-तीन पाण्यांत भिजवून, उकडून, तेही चिमूटभर वासापुरतं.

आणि पुरुमेंत (पावसाळ्याचा साठा) भरताना मांजरासाठी दहा किलोचं पोतं घेऊ नका. आपल्या दमट हवेत उघडं ड्राय फूड मऊ पडतं, त्याच्या चरबीला खवट वास येतो, मग बुरशी. महिन्यात संपेल एवढंच घ्या आणि त्याच पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पाऊच फोडला की उरलेलं फ्रिजमध्ये. वीज तासन्‌तास गेली, तर फेकून द्या.

१४. आमच्याकडे सोमवार आणि पूर्ण श्रावण शिवराक (शाकाहारी) असतो. मांजराला तेवढे दिवस पेज-दही चालेल का?

एक सोमवार निघून जाईल, महिना नाही. पनीर, दही, डाळ यांत टॉरिन नगण्य असतं आणि बारीक मांजराला तर असा महिना परवडतच नाही. बहुतेक घरांत यावर सोपी वाट निघते. स्वयंपाकघरात काही शिजवायचं नाही, बंद पाकिटातलं ड्राय फूड बाल्कनीत किंवा मागच्या पडवीत, वेगळ्या बशीत आणि वेगळ्या चमच्यानं. सासूबाईंची परवानगी बहुधा पाकिटाला मिळते, पातेल्याला मिळत नाही. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) गडबडीत मात्र बशी भरायची राहून जाते. ते काम घरातल्या एका मुलाकडे सोपवा.

१५. दोन मांजरं आहेत. एक जाड, एक बारीक. जाड सगळं खातं.

वेगळ्या खोल्यांत, दार लावून, वीस मिनिटं. मग दोन्ही बशा उचला. बारीक मांजर उड्या मारणारं असेल, तर त्याची बशी जाड्याला चढता येणार नाही अशा उंचीवर ठेवता येते.

१६. पिल्लू वाढत नाही. त्याला काय वेगळं?

जवळजवळ सगळंच. निरोगी पिल्लू आठवड्याला शंभरेक ग्रॅम वाढतं, पहिल्या चार-पाच महिन्यांत महिन्याला साधारण अर्धा किलोच्या जरा आत. त्याला पिल्लांसाठीचं पूर्ण आहार असं लिहिलेलं खाणं, दिवसाला चार-पाच वेळा, हवं तेवढं द्या. चार आठवड्यांच्या आतलं असेल, तर मांजरांसाठीची दुधाची पावडर द्या, गाईचं दूध नको, आणि पिल्लू पोटावर असतानाच पाजा. अंग थंड असेल, तर आधी ऊब, मग दूध. थंड पिल्लाला दूध पचत नाही. आठवडाभर वजन थबकलं, तर डॉक्टर.

१७. व्यालेली मांजरी झिजत चालली आहे.

पाजताना तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट कॅलरी लागतात, म्हणून तिलाही पिल्लांचंच खाणं घाला, बशी कायम भरलेली ठेवा. पिल्लांचं दूध तुटलं की नसबंदी. वर्षात दोन-तीन वेळा विणारी मांजरी कितीही खाल्लं तरी भरत नाही. बोक्याचंही तसंच. भांडत, भटकत चार-चार दिवस गायब राहणारा बोका नसबंदीनंतर स्वतःहून वजन धरतो.

१८. म्हातारं आहे, किडनीचा त्रास सांगितला आहे. जास्त मांस घालू का?

इथे वरचे नियम थोडे उलटतात. किडनीच्या आजारात फॉस्फरस कमी असलेलं खाणं लागतं, पिल्लांचं खाणं आणि काळीज नको. पण किडनीचं खास खाणं ते तोंडातच घेत नसेल, तर उपाशी ठेवण्यापेक्षा आवडतं ते खाल्लेलं बरं. कुठे सैल सोडायचं, ते डॉक्टरशी बोलून ठरवा.

१९. भूक वाढवायचं टॉनिक देऊ का?

बहुतेक टॉनिकांनी काही होत नाही, आणि बळजबरीनं पाजलेल्या गोड सिरपनं मांजर तुम्हांला बघून पळायला शिकतं. मिर्टाझॅपिनसारखी भूक वाढवणारी खरी औषधं आहेत, ती डॉक्टरनं मात्रा ठरवून द्यायची. घरातलं पॅरासिटामॉल कधीच नाही. अर्धी गोळीसुद्धा जीव घेते.

२०. कालपासून काहीच खाल्लं नाही. किती थांबू?

मोठं मांजर पूर्ण एक दिवस उपाशी राहिलं की फोन करा, दोन दिवस झाले की घेऊन जा. पिल्लासाठी बारा तासही खूप झाले. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचून ते निकामी होऊ शकतं, आणि आधी जाड असलेल्याला हा धोका सर्वाधिक. सिरिंजनं भरवायचं असल्यास ओठाच्या कडेनं, अर्धा-एक मिली, गिळल्यावरच पुढचं. डोकं मागे करून ओतलंत, तर ते फुप्फुसात जातं. झटापट होत असेल, तर सोडून द्या. डॉक्टर नाकातून किंवा मानेतून नळी घालतात. दिसायला भयंकर वाटते, पण मांजराला सिरिंजपेक्षा तीच सोसते.

२१. हाडांचा सापळा झालेलं भटकं मांजर सापडलं. पोटभर घालू ना?

नको. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम खाणं गेलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम कोसळतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सुधारतंय असं वाटत असतानाच, मांजर जातं. पहिल्या दिवशी आजच्या वजनाच्या दर किलोला १५ कॅलरीच, म्हणजे दोन किलोच्या मांजराला दिवसभरात अर्धा पाऊच किंवा त्याहूनही कमी, तोही पाच-सहा वेळांत वाटून. मग चार-पाच दिवसांत हळूहळू चढवा. भात, पाव, दूध याच वेळी सर्वांत घातक, कारण पिठूळ-गोड खाण्यानं ते फॉस्फेट जास्त वेगानं उतरतं. उबदार खोका, पाणी, आणि जमेल तितक्या लवकर डॉक्टर. जंताचं औषध कधी द्यायचं, तेही त्यांनाच ठरवू द्या.

उचलताना जाड टॉवेल वापरा. चावलं किंवा ओरबाडलं, तर साबणाच्या वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात रेबीजच्या लशीबद्दल विचारा. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, तरी ही लस टाळायची नाही.